दोन बोटांची जागा

१२ जानेवारी

कारखाना बंद करताना मालकांनी पॅकिंग खात्यातल्या प्रत्येकीला एकेक डायरी दिली. काम काढून घ्यायचं आणि रोजच्या नोंदीला वही द्यायची, यांच्या डोक्याला काय म्हणावं. इतके दिवस ती पिशवीच्या तळाशी पडून होती. आज उघडली, कारण या घरात बोलायची सोय नाही. बोललं तर ऐकू जात नाही.

धाकट्या भावाकडे आले आहे. त्याला मुलगा झाला. भावजयीच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं याच वेळी निघालं, म्हणून मला बोलावणं आलं. नाहीतर मला कोण बोलावतंय. पोरगं गोरंगोमटं आहे, नाक आमच्या घरचं आहे, आणि रडतं. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, अंगात ताप नाही, डॉक्टरांनी उलटंपालटं करून तपासलं, तरी रडतं. दिवस कलला की सुरू. आमच्या कारखान्याचा भोंगा दिवसातून दोनदाच वाजायचा, आणि त्यानंतर निदान सुट्टी तरी व्हायची.

मी त्याला भोंगा म्हणते. भाऊ खो खो हसला. भावजय पण हसली, पण नुसती ओठांनी.

१४ जानेवारी

आज मी त्याला पॅक केलं.

दुसरं काही सुचेना. भावजय त्याला खांद्यावर घेऊन हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होती, तिचा चेहरा पांढरा पडला होता. भाऊ कामावर. तो लिफ्ट दुरुस्त करतो. गावभर कोण कुठे अडकलं की याला फोन, आणि घरी आम्ही दोघी अडकलेल्या. मी म्हटलं, आण इकडे. सुती ओढणी पसरली, एक कोपरा दुमडला, पोरगं त्यावर ठेवलं. हात अंगाशी, पाय सरळ, डावीकडून एक वेढा, उजवीकडून एक, खालचा कोपरा वर खोचला. दिव्यांच्या काचा मी आयुष्यभर अशाच बांधल्या. हललं की फुटलं, हा पॅकिंगमधला पहिला धडा.

रडणं मध्येच थांबलं. भोंग्याने माझ्याकडे टक लावून बघितलं, एक जांभई दिली आणि झोपला. घरात एवढी शांतता झाली की स्वयंपाकघरातल्या फ्रिजचा आवाज यायला लागला.

संध्याकाळी भाऊ आला तेव्हा मी परत करून दाखवलं. तो म्हणाला, "ताई, याचा स्विच कुठे सापडला तुला?"

भावजय भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती.

१७ जानेवारी

नर्सबाई आल्या होत्या, बाळाचं वजन करायला. आवाज फौजदाराचा आणि चपला लहान मुलीच्या. गाठोडं बघून त्या दारातच थबकल्या.

"हे काय बांधलंय?"

"पार्सल," भाऊ म्हणाला. त्याला अशा वेळी हमखास विनोद सुचतो.

त्यांनी मला सगळं सोडायला लावलं. पाय असे सरळ ताणून बांधले तर खुब्याचा सांधा बिघडतो म्हणाल्या. मी म्हटलं, मी नाजूक माल आयुष्यभर बांधलाय, एक तडा गेला नाही. त्या म्हणाल्या, "काचेला खुबे नसतात हो."

मग शिकवलं. कापड पातळ हवं, खांद्यांच्या वर जायला नको. छातीवर वेढा बसला की आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. खाली मात्र ऐसपैस जागा, पाय बेडकासारखे दुमडून फाकवता आले पाहिजेत. झोपवायचं ते पाठीवरच, सपाट गादीवर, उशी नाही, पांघरूण नाही. अंग गरम लागलं तर लगेच सोडायचं. आणि रडला की आधी भूक बघायची, कापड नंतर.

जाताना चपला घालता घालता त्या वळल्या. "आणि कूस बदलायला लागला, नुसता तसा प्रयत्न जरी दिसला, की त्या दिवसापासून हे बंद. हात बांधलेले असताना पालथा झाला तर त्याला तोंड वर काढता येणार नाही. ते कळायलाही कोणाला वेळ मिळत नाही."

भावजयीने मान हलवली. मीही हलवली. कूस बदलायला अजून वर्ष आहे.

२० जानेवारी

पहिले दोन दिवस रागाने हात आखडले होते. आज जमलं. वर घट्ट पण श्वासाला मोकळं, खाली सैल. भोंगा त्यात पाय हलवतो आणि वर शांत असतो, पाण्यातल्या बदकासारखा. नर्सबाईंचं म्हणणं बरोबर होतं, हे त्यांना कळवायची काही गरज नाही.

शेजारची बाई बघायला आली, मग तिची जाऊ आली. मी दोघींना करून दाखवलं. "काय हात आहे तुमचा," म्हणाल्या. कारखाना बंद झाल्यापासून माझ्या हाताबद्दल कोणी काही बोललं नव्हतं.

२७ जानेवारी

भावजय म्हणाली, "ताई, मला शिकवा ना."

शिकवलं की. पण मी भराभर करते, त्याला माझा इलाज नाही, हातच तसे वळलेत. ती शाळेत गणित शिकवते, तिला प्रत्येक पायरी वेगळी लागते. "थांबा, हा कोपरा कुठून गेला?" मी परत दाखवलं. तेव्हा माझी पाठ तिच्याकडे होती. उजेड खिडकीतून येतो, मी तरी काय करू.

तिने बांधलं ते सुटलं, आणि भोंगा जो वाजला तो मी घेईपर्यंत. ती म्हणाली, "तुमच्याच हातचं लागतं त्याला."

मी म्हटलं, असतं एकेकाचं.

२ फेब्रुवारी

एक गंमत. चहाला साखर काढायला कपाट उघडलं तर साखरेची पिशवी फडक्यात गुंडाळलेली. नीट, त्रिकोणी घडी घालून, वर दोन वेढे. फक्त शेवटचा कोपरा उलट्या बाजूने, डावीकडून पाठीमागे खोचलेला. साखरेला थंडी वाजते वाटतं या घरात. मुंग्यांसाठी केलं असेल. मी सोडून डब्यात भरून ठेवली.

भावजयीने नंतर कपाट उघडलं, बघितलं आणि बंद केलं. चहा बिनसाखरेचा प्यायली.

९ फेब्रुवारी

फोरमनचा फोन. कारखान्यात आमच्यावर डाफरायचा तोच. त्याने एका गाळ्यात काचेच्या दिव्यांचं छोटं काम सुरू केलंय. नव्या पोरी घेतल्यात, त्यांना बांधायचं कसं ते शिकवणारं कोणी नाही. "तुम्ही या. माल फुटतोय माझा."

मी सांगितलं, इथे माझ्यावाचून अडतं. फोन ठेवल्यावर उगाच घरभर फिरले. चमच्यांचा खण रिकामा करून परत लावला. एका जागी बसणं मला कधी जमलं नाही, आता तर पाय आपोआप हलतो. माझ्या खोलीला तिकडे कुलूप आहे. काल स्वप्नात मी ते उघडलं आणि आत खोलीच नव्हती.

२३ फेब्रुवारी

काही घडत नाही. भोंगा वाजतो, मी बांधते, तो थांबतो. भावजय अंघोळीला गेली की नळ सोडून ठेवते तो ठेवतेच. बाहेर येते तेव्हा डोळे लाल. साबण बदलायला हवा असं मी भावाला सांगितलं. तो बघतच राहिला माझ्याकडे.

१८ मार्च

दुपारी भोंगा गादीवर होता, बांधलेला. मी घड्या घालत होते. तो जागा झाला, मान मागे टाकली, कमरेतून एक हिसका दिला आणि कुशीवर कलला. अर्धाच. मग परत पाठीवर पडला आणि स्वतःवरच खूश झाला.

गादीला उतार असणार.

भावाच्या हत्यारांच्या पेटीत लेव्हल असते, लिफ्टचे रूळ सरळ आहेत का बघायची, काचेच्या नळीत बुडबुडा असतो ती. कोणी नसताना ती आणून गादीवर ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध. लेव्हल जुनी आहे, तिच्यावर काय भरवसा.

एकदा कललं म्हणजे काही कूस बदलणं नव्हे. कोणाला सांगून उगाच घाबरवण्यात अर्थ नाही. भावजय आधीच धास्तावलेली असते. बघू अजून दोन दिवस.

१९ मार्च

आज कलला नाही. म्हटलं होतं ना.

२१ मार्च

कलला. दोनदा. मी हाताने सरळ केला.

रात्री झोप नाही. नर्सबाईंच्या त्या लहान चपला डोळ्यांसमोर येतात. पण त्या सगळ्यांनाच घाबरवत असतात, तो त्यांचा धंदाच आहे. आणि मी असते ना समोर. बांधणं बंद केलं तर तो परत रडणार, परत सगळ्यांच्या नाकी नऊ येणार. मग मला म्हणतील, ताई, तुम्ही दमला असाल, आता घरी जाऊन आराम करा. आराम या शब्दाचा मला तिटकारा आहे. मालकही तेच म्हणाले होते.

२३ मार्च

नवीनच प्रकार. मी बांधून बाहेर गेले, परत आले तर भोंग्याचे दोन्ही हात बाहेर. कापड काखेखालून छातीभोवती नीट बसलेलं, जरासुद्धा चुरगळलेलं नाही, कोपरा पाठीमागे खोचलेला. पोरगं जादूगार निघालं. भावजय तिथेच वह्या तपासत बसली होती, रजेवर असूनही शाळेतून वह्या येतात. मी तिला म्हटलं, बघितलंस का याचा प्रताप? ती म्हणाली, "हो, हल्ली फार हात काढतो." आणि लाल पेन शोधायला लागली, ते तिच्या कानावर होतं.

२५ मार्च

परत तेच, रोज तेच. माझी पकड सैल झाली की काय? माझं बांधलेलं कधी सुटलं नव्हतं. ट्रक उलटला होता एकदा, तरी आतला माल जसाच्या तसा. आणि हे दोन वितीचं पोर माझ्या हातातून सुटतं. आज आंघोळ झाल्यावर माझे हात बराच वेळ बघत बसले.

फोरमनचा परत फोन. मी सांगितलं, बाळाला माझ्याशिवाय चालत नाही.

संध्याकाळी बांधताना मी एकाच बोटाची जागा ठेवली. वरवर बघून कोणाला कळत नाही.

२७ मार्च

सगळं लिहायचं आहे.

दुपारी भोंग्याला बांधलं. आजही एकच बोट. पाठीवर ठेवला, झोपला. मी कपडे काढायला गॅलरीत गेले. वाटेत भावजय टॉवेल घेऊन त्याच्या खोलीत शिरताना दिसली, जरा वेळाने न्हाणीघराचं दार लागल्याचा आवाज आला. शेजारची तिच्या गॅलरीत होती. म्हणाली, तुमच्याकडे किती शांत असतं हो आता. मी म्हटलं, बांधण्यात आहे सगळं. आणि उभी राहून सांगत बसले, कसं बांधायचं, कोपरा कुठून घ्यायचा. शांत होतं म्हणून मी निवांत होते. शांततेचीच मला घमेंड होती.

कपडे घेऊन आत आले तर तो पालथा होता.

हातातले कपडे कुठे पडले आठवत नाही. तो पालथा होता आणि डोकं वर होतं. दोन्ही हात बाहेर, कोपरं गादीवर रोवलेली, मान डुगडुगत होती, लाळ गळत होती, आणि तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. मला बघून हुंकार दिला.

मी त्याला उचललं आणि खाली फरशीवरच बसले. मी बांधलं होतं तसंच राहिलं असतं तर. हे वाक्य मला पूर्ण करता येत नाही. दहा वेळा सुरू केलं.

कापड सोडायला गेले तेव्हा कोपरा हाताला लागला. तो डावीकडून पाठीमागे खोचलेला होता. मी उजवीकडून खोचते, कायम. उलट्या बाजूने खोचलेला कोपरा मी या घरात एकदाच बघितला होता, साखरेच्या पिशवीवर.

भावजय ओल्या केसांनी दारात उभी होती.

"तू सोडतेस रोज," मी म्हटलं.

"हात तेवढे. मी बाहेर काढते आणि परत बांधते."

"कधीपासून?"

"चार-पाच दिवस झाले असतील. मी दूध द्यायला उचलणार, तेवढ्यात कुशीवर कलला. तेव्हापासून." ती खाली माझ्यासमोर बसली. "दोनदा सांगायला आले होते, ताई. तुम्ही त्याला बांधताना गुणगुणता, तुम्हाला माहीत तरी आहे का? माझ्या तोंडून निघेचना. वाटलं, सांगितलं की तुम्ही दुसऱ्या दिवशी बॅग भरणार. आणि तुम्ही गेल्यावर तो रडला तर मी काय करू, ही भीती होतीच. रोज वाटायचं, उद्या सांगू."

इथे गप्प बसले असते तर चाललं असतं. दोष तिनेच स्वतःकडे घेतला होता. पण पोर माझ्या मांडीवर होतं आणि माझी साडी ओढत होतं.

"मीही बघितलं होतं," मी म्हटलं. "अठरा तारखेला. आणि परवापासून मी जास्त घट्ट बांधतेय."

तिचा चेहरा बदलला. तिला तसं मी कधी बघितलं नव्हतं. तिने माझ्या मांडीवरून बाळ उचललं, आपल्या खोलीत नेलं आणि आवाज न करता दार लावलं. दार आपटलं असतं तर बरं झालं असतं.

मी बॅग भरली आहे.

२८ मार्च

भाऊ सकाळी माझ्याशी न बोलता कामावर गेला. विनोद नाही, काही नाही.

आज बांधणं नव्हतं. दिवस कलला आणि भोंगा वाजायला लागला. मी माझ्या खोलीत बॅगेशेजारी बसून ऐकत होते. पलीकडून भावजयीच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या, खिडकीपर्यंत आणि परत. माझे हात मांडीवर नुसते पडले होते. उठावंसं वाटत होतं आणि उठायची लाज वाटत होती.

बऱ्याच वेळाने दार ढकलून तीच आत आली आणि रडतं पोर माझ्या हातात दिलं.

"धरा. माझे खांदे गेले."

"बांधायचं नाही ना?" मी विचारलं. काय हा प्रश्न.

"नाही. नुसतं धरायचं."

मी धरलं. थांबतोय कुठला. हात मोकळे, त्यामुळे दोन गुद्दे माझ्या नाकावर बसले, चष्मा खाली पडला. भावजय पलंगावर आडवी झाली आणि छताकडे बघत म्हणाली, "मला अजून राग आहे तुमचा."

"असणारच."

"का नाही सांगितलंत?"

मी सांगून टाकलं. बांधायचं नसेल तर मला इथे काय काम, असं वाटलं. सांगताना आवाज फुटला, पण भोंग्याच्या आवाजात ते खपून गेलं.

ती उठून बसली. बॅगेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आत्या काय पगारावर असते का, ताई?"

आम्ही दोघींनी त्याला आलटून पालटून घेतलं. तो थकेपर्यंत रडला. रडून मेलं नाही कोणी.

२ एप्रिल

तिचा राग अजून आहे, थोडा. मी बाळाजवळ एकटी असले की दोनदा डोकावून जाते. बरोबर आहे. तिच्या जागी मी असते तर दहादा डोकावले असते. भाऊ आज बोलला. लेव्हल त्याच्या पेटीत ठेवताना त्याने मला पकडलं, म्हणाला, "लिफ्ट बसवतेयस का घरात?" मी खरं काय ते सांगितलं. तो हसला नाही. पण लेव्हल गादीवर ठेवून त्याने एकदा बघितलं, आणि म्हणाला, "चांगली आहे लेव्हल. कुठे चुकत नाही."

फोरमनला मी आपणहून फोन केला.

१४ एप्रिल

गाळ्यातला पहिला आठवडा. माझ्या खोलीचं कुलूप उघडलं, आत खोली होती, आणि कोळ्यांनी चांगला संसार थाटला होता.

नव्या पोरी चुणचुणीत आहेत, पण बोलतात फार. सोमवारी त्यांना गोळा करून म्हटलं, बघा, आता एकदाच दाखवते. मग आठवण झाली, आणि म्हटलं, नाही, लागेल तितक्यांदा दाखवते. उजेडाकडे तोंड करून उभी राहिले, म्हणजे सगळ्यांना हात दिसतील. काच घेतली, वेढे दिले, कोपरा खोचला, खोक्यात ठेवली. फोरमनने खोकं उचलून कानाशी हलवलं. आतून खडखड आवाज आला.

पोरींनी एकमेकींकडे बघितलं. फोरमन माझ्याकडे बघत राहिला.

मी सोडून बघितलं. आत बरोबर दोन बोटांची जागा सोडली होती, आणि खाली ऐसपैस. काच मजेत हिंडत होती. मला हसू आवरेना. पोरींना वाटलं म्हातारी गेली कामातून. परत बांधली, घट्ट, काचेला लागते तशी.

या गाळ्यात भोंगा नाही. काम कधी संपवायचं हे फोरमन घड्याळ बघून सांगतो, आणि तो नेहमी विसरतो. आज संध्याकाळी पोरी माना मोडून बांधत होत्या, माझाही डोळा लागायला आला होता, तेवढ्यात फोन वाजला. भावजय होती. कशा आहात नाही, काही नाही.

"ताई, ऐका," एवढंच म्हणाली आणि फोन त्याच्या तोंडाजवळ धरला.

तो जो वाजला तो सगळ्या गाळ्यात ऐकू गेला. पोरींचे हात थांबले. मी फोन तसाच वर धरून उभी राहिले.

"चला," मी म्हटलं. "सुट्टी झाली."